पहिलं मैदान कोणतं?

न्यू जर्सीत जानेवारीत बाहेर बर्फ साचलेलं असतं आणि त्याच सुमारास बेसबॉलच्या नावनोंदणीचे ई-मेल यायला लागतात. टाउनशिपची लीग, वायएमसीए, एखाददुसरी खाजगी अकॅडमी, सगळ्यांची जाहिरात एकाच वेळी. हंगाम एप्रिल ते जूनचा, पण निर्णय आत्ताच घ्यावा लागतो. एडिसन-प्लेन्सबरोच्या बाजूला ज्या मराठी घरांत चार-पाच वर्षांचं मूल आहे, तिथे हा प्रश्न हमखास येतो. आई-बाप क्रिकेटवर वाढलेले, खेळ परका, आणि मूल इतकं लहान की त्याला स्वतःची आवड-नावड धड सांगता येत नाही.

या घरांतून दोन मतं सारखी कानावर येतात. एक मत असं की पैसे पडले तरी चालतील, पण पहिल्या दिवसापासून जाणकाराकडून शिकवा. दुसरं मत असं की घराजवळच्या लीगमध्ये शेजारपाजारच्या मुलांबरोबर खेळू द्या, बाकीचं पुढे बघू. ही दोन्ही मतं मी इथे दोन भावंडांच्या तोंडी घातली आहेत. माणसं काल्पनिक आहेत, त्यांचे मुद्दे मात्र खरे. अभय पाच वर्षांपूर्वी नाशिकहून आलेला. त्याची लेक ईरा साडेचार वर्षांची. ताई इथे वीस वर्षं राहिलेली. तिचे दोन्ही मुलगे टाउनशिपच्या लीगमधून खेळून मोठे झाले.

अभय : ताई, ईराचं नाव अकॅडमीत घालतोय. बंदिस्त हॉल आहे, पाऊस असो की बर्फ, क्लास बुडत नाही. सहा मुलांमागे एक कोच, आणि तो कॉलेजच्या टीममधून खेळलेला. टाउनशिपच्या लीगमध्ये कुणाचा तरी बाबाच कोच म्हणून उभा असतो. मला स्वतःला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. निदान शिकवणारा तरी जाणकार नको का?

ताई : हवाच. पण कशातला जाणकार, ते आधी ठरव. एवढ्याशा पोरीला बॅट फिरवण्याचं तंत्र सांगणारा माणूस हवा, की बॉल पायावर आदळून ती रडायला लागली तर दोन मिनिटांत तिला परत खेळात आणणारा?

अभय : दोन्ही हवं. आणि उशीर नको. इथल्या मुलांचे बाप-आजोबा हाच खेळ खेळलेत. पोर चालायला लागलं की अंगणात त्याच्या हातात प्लॅस्टिकची बॅट येते. आपल्या घरात ते नाही. आपण मुद्दाम काही केलं नाही, तर ईरा आठव्या वर्षी मैदानात उतरेल तेव्हा बाकीची मुलं कुठल्या कुठे गेलेली असतील.

ताई : ही भीती प्रत्येक आई-बापाला वाटते, आणि बऱ्याच जाहिराती याच भीतीवर चालतात. पण बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं वेगळं आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१९ च्या अहवालात म्हटलंय की बहुतेक मुलं संघटित खेळासाठी सहाव्या वर्षाच्या सुमारास तयार होतात. त्याआधी नजर तेवढी पक्की झालेली नसते. वेगाने येणारा बॉल आपल्यापर्यंत कधी पोहोचेल, हा अंदाज चार वर्षांच्या मुलाला बांधता येत नाही. लक्षही फार वेळ टिकत नाही. एकाच खेळाला जुंपण्याबद्दलचा त्यांचा २०१६ चा अहवाल तर सांगतो की पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत ती घाई करूच नका. चौथ्या वर्षी कोण पुढे आणि कोण मागे, याचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही.

अभय : मग त्या न्यायाने तुझी लीगही नको. सहावं लागेपर्यंत बसू दे घरीच.

ताई : घरी बसवा असं कुणीच म्हटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, आणि त्यातली ६० मिनिटं तरी चांगली दमवणारी असावी. पळणं, उड्या मारणं, फेकणं, झेलणं. हे सगळं रोज होत असेल तर लीगसाठी एक वर्ष थांबायलाही हरकत नाही, काही बिघडत नाही. तुमच्या अपार्टमेंटला अंगण नाही आणि ईराला जवळपास सोबत नाही, म्हणून लीगचा विचार करायचा. पण लीग अशी हवी की तिने समोरचं मूल चार वर्षांचं आहे हे धरून सगळी आखणी केलेली असेल. टी-बॉल हा प्रकार त्यासाठीच आहे.

अभय : टी-बॉल मी मागच्या मे महिन्यात पार्कात पाहिलाय. अर्धी मुलं गवत उपटत होती. एक तर मैदानातच आडवं झालं होतं. याला खेळ म्हणायचं?

ताई : म्हणायचं. फक्त जरा वेळ थांबून बघायचं. होम प्लेटवर, म्हणजे बॅट फिरवायच्या जागी, रबरी नळीचा एक स्टँड असतो, तो टी. मूल बॅट घेऊन आलं की कोच ती नळी त्याच्या कमरेच्या उंचीला आणून वर बॉल ठेवतो. पिचर नाही, म्हणजे अंगावर येणारा बॉल नाही. थांबलेल्या बॉलवर बॅट फिरवायची. पहिले एक-दोन फटके बहुतेक नळीलाच बसतात आणि बॉल टपकन खाली पडतो. कोच परत ठेवतो. मग एकदाचा बॉलला फटका लागतो आणि तो दहा पावलं घरंगळत जातो. फील्डिंगची सगळी पोरं त्या एका बॉलवर तुटून पडतात. जिने मारला ती पहिल्या बेसऐवजी तिसऱ्या बेसकडे पळत सुटते, कारण आई तिकडे उभी असते. पहिल्या बेसवरचा काका हात हलवून तिला इकडे बोलावतो. सगळ्यांची पाळी झाली की डाव बदलतो. बहुतेक ठिकाणी धावा मोजतच नाहीत आणि तासाभरात खेळ आटोपतो. तेवढ्यात मूल काय शिकलं? बॉलवर नजर ठेवायला, मारल्यावर बॅट खाली टाकायला, ठरल्या दिशेने पळायला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला. या वयाला एवढाच अभ्यासक्रम पुरतो.

अभय : आणि तिची पाळी येईपर्यंत बाकीची अकरा मुलं नुसती उभी. माझं म्हणणं तेच आहे. अकॅडमीत तासाभरात तिला पन्नास वेळा बॅट फिरवायला मिळेल, तुझ्या लीगमध्ये तीन वेळा.

ताई : हा मुद्दा तुझा बरोबर आहे, आणि इथे लीग-लीगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. चांगली लीग तासाचे दोन भाग करते. आधी सराव, तोही चार-चार मुलांच्या गटांत. एक गट जाळीसमोर टीवरून मऊ बॉल मारतो, दुसरा घरंगळत आलेला बॉल दोन्ही हातांनी उचलतो, तिसरा बेसना फेरी मारतो. दहा मिनिटांनी गट बदलतात. त्यानंतर छोटासा सामना. अशा ठिकाणी कुणी रिकामं उभं राहत नाही. जिथे एक कोच आणि त्याच्यासमोर चौदा मुलांची रांग असेल, तिथे ईराला घालू नकोस, हे मीही सांगेन.

अभय : पण हे कळणार कसं? माहितीपत्रकात सगळेच ‘मजेत शिका’ असं लिहितात.

ताई : ज्यांची मुलं मागच्या वर्षी तिथे खेळली अशा दोघा-तिघा आई-बापांना फोन कर. त्यांना एवढंच विचार, ‘या वर्षी परत नाव घातलंत का?’ घातलं असेल तर का आणि नसेल तर का, ते ते आपणहून सांगतील. एवढ्या लहान मुलांच्या लीगचं दुसरं कुठलंही प्रगतिपुस्तक नसतं.

अभय : लीगा तरी किती! लिटल लीग, कॅल रिपकेन, पोनी, वायएमसीए. यांत फरक काय?

ताई : आपल्या भागात जी चालते त्यातूनच निवडायची, त्यामुळे नावांत फार अडकू नकोस. तरी थोडी माहिती असू दे. लिटल लीग सगळ्यात जुनी. कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला ती सुरू केली, तेव्हा मोजून तीन टीम होत्या. पहिला सामना ६ जूनला झाला, लंडी लंबर विरुद्ध लायकमिंग डेअरी. म्हणजे एक लाकूड कंपनी आणि एक दूध डेअरी. गावातल्या धंद्यांनी टीमचा खर्च उचलायची ती रीत अजून चालू आहे. माझ्या पोरांच्या शर्टांवरही कधी दातांच्या डॉक्टरचं, कधी पिझ्झाच्या दुकानाचं नाव असायचं. लिटल लीगचा टी-बॉल चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. बेब रूथ लीग तर आपल्या न्यू जर्सीतलीच, १९५१ साली हॅमिल्टन टाउनशिपमध्ये निघालेली; बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा तिचा विभाग म्हणजे कॅल रिपकेन. पोनीही १९५१ चीच. तिथे दोन-दोन वर्षांचे गट पाडतात, सहा वर्षांपर्यंतचा गट शेटलंड नावाचा. वायएमसीएत काही ठिकाणी तीन वर्षांपासून घेतात.

अभय : मग दोन वर्षांचे गट हे जास्त बरं की. चार वर्षांची ईरा आणि सात वर्षांचा धिप्पाड पोरगा एका मैदानात कसे खेळणार?

ताई : अगदी बरोबर, आणि हे नोंदणीआधीच विचारायचं. सात वर्षांच्या मुलाचा फटका चार वर्षांच्या मुलाला झेपत नाही. पुष्कळ लिटल लीग टी-बॉलमध्येही लहान आणि मोठे असे दोन गट करतात. तुमची करत नसेल तर वायएमसीए बघ किंवा एक वर्ष थांब. वय कोणत्या तारखेला मोजतात तेही बघून घे. प्रत्येक संस्थेची तारीख वेगळी असू शकते. आणि लिटल लीगमध्ये घराचा पत्ता किंवा शाळा त्या लीगच्या हद्दीत असावी लागते. जन्मदाखला आणि पत्त्याचे पुरावे आधीच काढून ठेव, नाहीतर शेवटच्या दिवशी धावपळ होते.

अभय : पण लिटल लीग आता केवढा मोठा कारभार झालाय! ऑगस्टमध्ये त्यांची वर्ल्ड सिरीज टीव्हीवर असते. बारा वर्षांची पोरं हरल्यावर कॅमेऱ्यासमोर रडतात. अकॅडमी उघडउघड धंदा आहे, पण ही लीग तरी त्याहून वेगळी कुठे?

ताई : ते दृश्य मलाही बघवत नाही. खुद्द स्टॉट्झही संस्था व्यापाराकडे वळतेय म्हणून भांडून १९५६ साली तिच्यातून बाहेर पडला. पण वर्ल्ड सिरीजचे कॅमेरे आणि आपल्या टाउनशिपमधला शनिवार यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. गावची लीग गावातले आई-बापच चालवतात. कुणी मैदानावर चुन्याच्या रेघा मारतं, कुणी शर्ट वाटतं, कुणी हिशोब ठेवतं. लिटल लीगच्या नियमांत असंही आहे की एखाद्याला फी भरता येत नाही म्हणून त्याच्या मुलाला खेळापासून दूर ठेवायचं नाही. असा नियम तुझी अकॅडमी करेल का?

अभय : नाही करणार. पण माझी खरी काळजी फीची नाही. गावातले आई-बाप म्हणजे माझ्यासाठी अनोळखी माणसं. त्यांच्या हाती पोरगी सोपवायची?

ताई : सोपवायची नाही, टी-बॉलला आई-बाप मैदानावरच थांबतात. तरी तुझा प्रश्न योग्य आहे. लिटल लीगमध्ये मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पार्श्वभूमी दरवर्षी तपासावी लागते. २०१८ साली झालेल्या ‘सेफ स्पोर्ट’ कायद्याप्रमाणे मुलावर अत्याचाराचा संशय आला तर २४ तासांत तक्रार द्यावी लागते. आपल्या न्यू जर्सीत आणखी एक सोय आहे. १९८६ च्या कायद्याने, जो स्वयंसेवक कोच किमान तीन तासांचं सुरक्षा-प्रशिक्षण घेतो त्याला दिवाणी दाव्यांपासून संरक्षण मिळतं. रटगर्स विद्यापीठ हे वर्ग चालवतं, त्यामुळे इथल्या पुष्कळ कोचनी निदान तेवढं शिक्षण घेतलेलं असतं.

अभय : तीन तासांत काय डोंबल शिकणार?

ताई : बेसबॉल शिकत नाहीत. उन्हाचा त्रास कसा ओळखायचा, डोक्याला मार लागला तर काय करायचं, मुलाशी बोलायचं कसं, हे शिकतात. टी-बॉलच्या कोचला याचीच गरज जास्त. आता हेच प्रश्न तुझ्या अकॅडमीला विचार. कोचची तपासणी कोण करतं? दरवर्षी करतं का? कोच आणि मूल असे दोघेच खोलीत राहणार नाहीत, असा नियम आहे का? उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. गुळमुळीत मिळालं तर तिथला कोच कुठल्याही कॉलेजातून खेळलेला असो, पोरीला पाठवू नकोस.

अभय : हे मात्र विचारीन. सामानाचं काय? मी तिच्यासाठी एक छान बॅट बघून ठेवलीय.

ताई : घेऊ नकोस अजून. आधी लीग कुठली बॅट चालवते ते विचार. १ जानेवारी २०१८ पासून लिटल लीगसारख्या संस्थांत यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेलीच बॅट चालते. टी-बॉलची २६ इंचांची किंवा त्याहून छोटी बॅट असेल तर ती फक्त मान्यताप्राप्त टी-बॉलसाठीच आहे, अशी सूचना तिच्यावर छापलेली असते. अशा बॅटने कडक बॉल मारायचा नाही. बॉलही मऊ हवा, मोठ्यांचा नको. हेल्मेट लीग देते, पण ते ईराच्या डोक्याला घट्ट बसतंय ना, ते तूच बघ. ग्लोव्ह मात्र घ्यावा लागेल. आणि तो घेताना आपली माणसं हमखास चुकतात. ईरा उजव्या हाताने बॉल फेकते ना? मग ग्लोव्ह डाव्या हातात.

अभय : तेवढं क्रिकेटवाल्यालाही कळतं.

ताई : क्रिकेटवाल्याला दुसरी एक गोष्ट कळत नाही. तू तिला प्लॅस्टिकच्या बॅटने शिकवतोस ते मी पाहिलंय. बॉल मारला की ती बॅट हातात धरून पळते, कारण तू तसाच पळतोस. इथे बॅट जागेवर खाली टाकायची आणि मोकळ्या हातांनी पळायचं. बॅट घेऊन पळणारं मूल बेसवरच्या मुलाच्या तोंडावर ती मारू शकतं. बॅट भिरकावूनही द्यायची नाही; मागे लहान मुलं उभी असतात. टी-बॉलमधला पहिला धडा हाच, आणि तो तू घरी शिकवू शकतोस.

अभय : तरी एक शंका उरतेच. ती मुलगी आहे. लीगमध्ये सगळे मुलगेच असतील, तर तिला बुजल्यासारखं होणार नाही? की सरळ मुलींच्या सॉफ्टबॉलकडे वळवू?

ताई : टी-बॉलमध्ये बहुतेक ठिकाणी मुलं-मुली एकत्रच असतात. आणि मुलींना हे मैदान मिळालं ते आपल्याच राज्यातल्या एका मुलीमुळे. १९७२ साली होबोकनमध्ये मारिया पेपी नावाची बारा वर्षांची मुलगी लिटल लीगच्या टीममध्ये पिचर म्हणून खेळली. तीनच सामने. संस्थेने होबोकनच्या लीगची मान्यता काढून घेण्याची धमकी दिली आणि तिला टीम सोडावी लागली. एका महिला संघटनेने तिच्या वतीने दावा लावला. १९७३ मध्ये सिल्व्हिया प्रेसलर या सुनावणी अधिकाऱ्यांनी मुलीच्या बाजूने निकाल दिला, वरच्या कोर्टातही तो टिकला आणि १९७४ पासून लिटल लीगमध्ये मुलींना प्रवेश मिळाला. तोवर मारियाचं वय उलटून गेलं होतं. तिला स्वतःला परत खेळता आलं नाही. २०१४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता सामना जिंकून दिला, तो त्याच निकालाच्या जोरावर. ईराला पुढे सॉफ्टबॉल आवडला तर जरूर खेळू दे. पण मुलगी आहे म्हणून आत्ताच बाजूला काढू नकोस.

अभय : हे मला माहीत नव्हतं. ठीक. आता माझा शेवटचा मुद्दा ऐक. ईरा लाजरी आहे. वाढदिवसाला आठ मुलं जमली तरी ती माझा पाय सोडत नाही. मैदानावर बारा मुलं, त्यांचे आई-बाप, ओरडाआरडा. अकॅडमीतली सहा मुलांची शांत खोली तिला जास्त मानवेल, असं मला मनापासून वाटतं. तंत्रबिंत्र राहू दे बाजूला.

ताई : हा तुझा सगळ्यात वजनदार मुद्दा. तंत्रासाठी अकॅडमी नको, पण बुजऱ्या मुलीला आधी छोट्या गटाची सवय व्हावी म्हणून हिवाळ्यात सहा-आठ आठवडे पाठवायची असेल तर मी आडवी येणार नाही. वर्षभराचा करार मात्र करू नकोस. बारा महिने एकच हालचाल त्या कोवळ्या खांद्याला बरी नव्हे, आणि तिला पोहायचंय, सायकल शिकायचीय, रविवारी मराठी शाळा आहे. ज्या मुलांना शारीरिक किंवा बौद्धिक अडचण आहे त्यांच्यासाठी लिटल लीगने १९८९ पासून चॅलेंजर विभाग चालवलाय, चार वर्षांपासून. म्हणजे मुलाची गरज बघून मार्ग काढणं लीगच्या चौकटीतही बसतं. पण लाजरं मूल खुलतं कशाने? रोज तीच माणसं दिसल्याने. अकॅडमीतली सहा मुलं सहा गावांतून येतात. लीगमधली मुलं तिच्याच शाळेत, तिच्याच बसमध्ये, तिच्याच पार्कात भेटणार.

अभय : आणि कोच वाईट निघाला तर? आरडाओरडा करणारा, जिंकायच्या मागे लागलेला?

ताई : तर लीगच्या सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा अध्यक्षाला सांग, टीम बदलून माग. त्याहून चांगला उपाय म्हणजे तूच मदतनीस कोच म्हणून नाव दे.

अभय : मी? मला नियमसुद्धा येत नाहीत.

ताई : टी-बॉलच्या मदतनिसाचं काम काय? बुटाची नाडी बांधणं, हेल्मेट चढवणं, पहिल्या बेसवर उभं राहून ‘इकडे ये, इकडे ये’ म्हणणं. बॉल फेकणं-झेलणं तुला चांगलं येतं. लीगला माणसं कायम कमी पडतात. तू विचारलंस तर ते तुला आनंदाने घेतील. ईरा लाजरी आहे म्हणतोस, मग मैदानात तिच्यापासून वीस पावलांवर बाबा उभा आहे, याहून मोठा आधार कोणता? आणि तुझंही बघ. पाच वर्षं झाली इथे येऊन, शेजारच्या किती जणांना तू नावाने ओळखतोस?

अभय : फार नाही.

ताई : जूनपर्यंत बारा घरं ओळखीची होतील. आम्ही आलो तेव्हा आम्हाला हे गाव लीगनेच ओळखीचं करून दिलं.

अभय : माझं मत पूर्ण बदललंय असं समजू नकोस. लहान गट आणि शिकलेला कोच याची किंमत मला अजूनही वाटते. पण आधी टाउनशिपच्या लीगला फोन करतो. एका टीममध्ये मुलं किती, वयाचे गट कसे, सरावाची पद्धत काय, ते विचारतो. उत्तरं पटली नाहीत तर अकॅडमी.

ताई : आणि दोन्ही पटलं नाही तर सप्टेंबरमध्ये परत बघू. तोवर रोज संध्याकाळी पार्कात जा आणि तिच्याबरोबर पळ.

संवाद इथे थांबतो. माझं मत आता स्पष्ट सांगतो. माझा कौल ताईच्या बाजूला आहे, अभयने घातलेल्या अटींसकट. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी घराजवळची, स्वयंसेवकांनी चालवलेली, कमी खर्चाची लीग हाच पहिला पर्याय असावा. मात्र टीममध्ये बारापेक्षा जास्त मुलं असतील, चार आणि सात वर्षांच्या मुलांना एकत्र खेळवत असतील, धावांची आणि हार-जितीची नोंद ठेवत असतील किंवा कोचच्या तपासणीबद्दल सरळ उत्तर मिळत नसेल, तर त्या लीगचं नाव कितीही मोठं असो, ती सोडून द्यावी. अकॅडमी ही पूरक सोय आहे. तिच्यावर पहिला पैसा खर्च करण्याचं हे वय नव्हे. आणि मूल तयार नसेल तर वर्षभर थांबणं हा पूर्णपणे शहाणपणाचा निर्णय आहे.

आपल्यातले बरेच आई-बाप मुलाला मैदानावर सोडून गाडीत बसून फोनवर काम उरकतात. कामाचा ताण असतो, खेळही समजत नसतो, हे मला ठाऊक आहे. तरीही विनंती करतो, एका हंगामापुरतं गाडीतून उतरा. नोंदणीच्या अर्जात ‘मदत करू इच्छितो’ असा रकाना असतो. मुलाचं नाव लिहिताना त्या रकान्यापुढे स्वतःचंही नाव लिहा.